मास्तरांची दुसरी चावी

आमच्या पूर्ण्याच्या पोस्टातून दर महिन्याला एक पत्र अमेरिकेच्या अध्यक्षाला जायचं, हे मी परभणीत सांगितलं तरी लोक हसतात. पण जायचं. त्यावर शिक्का मारणारा मीच, तेव्हा माझ्याइतकं खात्रीनं कोण सांगणार? अमेरिकेला एक आणि त्याच दिवशी रशियाला एक. एकाला लिहिलं अन् दुसऱ्याला नाही, असा दुजाभाव नको. मजकूर दोन्हींत सारखाच, मराठीत, ठसठशीत अक्षरात: "साहेब, सप्रेम नमस्कार. बॉम्बची दुसरी चावी कोणाकडं आहे, ते कळवावं. वाट पाहत आहे. आपला, द. ग. कदम, सहायक स्टेशन मास्तर, पूर्णा जंक्शन."

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, एवढं मला कळतं. पण मास्तर पाकीट चिकटवण्याआधी मलाच वाचून दाखवायचे आणि पत्ता इंग्रजीत माझ्याकडून लिहून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, तिथं मराठी कोण वाचणार?"

"बाबू," मास्तर म्हणाले, "एवढा मोठा कारभार हाय त्यांचा. मराठीसाठी एक माणूस ठेवला नसंल का?"

मी तिकीट लावलं.

दत्तराव कदम मूळचे झरीचे, शेतीवाडीच्या घरातले. पण तरुणपणी रेल्वेत लागले आणि मग रेल्वेचेच झाले. तेव्हा आमच्याकडची लाइन एकेरी होती. जाणारी गाडी आणि येणारी गाडी एकाच रुळावरून. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून मास्तरांच्या खोलीत एक लाल लोखंडी यंत्र असायचं आणि त्याच्या पोटात लोखंडी गोळे. गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे हलायची नाही. खरी गंमत पुढेच आहे. तो गोळा इथल्या मास्तरला एकट्याला काढताच यायचा नाही. पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं त्याच्या यंत्राची कळ दाबून धरली, तरच इकडे गोळा सुटणार. दोन गावांतली दोन माणसं एकाच वेळी कबूल झाली तर गाडी सुटायची, नाहीतर उभी.

मास्तरांचा या यंत्रावर देवापेक्षा जास्त भरवसा. "बाबू, देव एकटा हाय," ते म्हणायचे. "हितं आमी दोघं हाव."

आणि एके दिवशी त्यांनी रेडिओवर परदेशातल्या हिंदी बातम्यांत ऐकलं की, अणुबॉम्बलाही असंच कुलूप असतं. जमिनीखाली एका खोलीत दोन माणसं बसलेली. दोघांकडे एक एक चावी. चाव्या लावायच्या जागा एवढ्या लांब की एका माणसाचे हात पुरत नाहीत. दोघांनी बरोबरच फिरवल्या तरच बॉम्ब उडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आत मास्तर पायरीवर हजर. चेहरा असा, जणू रेल्वेनं त्यांचं नाव इंजिनावर रंगवलंय.

"बाबू, हे तर आपलंच हाय की! गोळ्याचंच काम! त्याईनी आपलं बघूनच केलं असंल."

हा आनंद आठवडाभर टिकला. मग कुठल्याशा वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानात त्यांनी वाचलं की, चाव्या फिरवणारे खाली दोघे असतात हे खरं, पण हुकूम देणारा वर एकटाच असतो. अध्यक्षाला कुणाला विचारायची गरज नाही. झालं! मास्तरांची झोप उडाली.

"म्हंजे खाली शिपायांना दोन चाव्या, अन् वर मालकाला तोंडी हुकूम! ह्याला काय बंदोबस्त म्हणतेत का? शिपायाचं डोकं फिरतं अन् मालकाचं फिरत न्हाई का? सकाळी बायकोसंगं भांडून आला असंल, चहा थंड मिळाला असंल. वर एकटा माणूस ठिवायचाच कामून?"

तेव्हापासून ही पत्रं सुरू झाली.

रशियाकडून एकदा उत्तरही आलं. म्हणजे दिल्लीतल्या त्यांच्या कचेरीतून एक रंगीत पुस्तक आलं, त्यात ट्रॅक्टर आणि गव्हाची शेतं. चावीबद्दल एक अक्षर नाही. अमेरिकेकडून एक छापील कार्ड आलं, पत्राबद्दल आभार मानणारं, खाली निळ्या शाईत सही. आख्खं पूर्णा ते कार्ड बघायला आलं. मास्तरांनी मात्र उलटून पालटून पाहिलं आणि माझ्यापुढे आपटलं.

"बघा. सही एकाचीच हाय."

मास्तर नुसतं दुसऱ्यांना शहाणपण सांगणारे नव्हते. घरातही त्यांनी हाच कायदा लावला होता. धान्याच्या कोठीला दोन कुलपं. एक चावी त्यांच्या जानव्याला असती, पण जानवं नव्हतं म्हणून करदोट्याला, आणि दुसरी त्यांच्या बायकोच्या, सुभद्राकाकूंच्या, कमरेला. काकू बाहेर गेल्या की घरात ज्वारी असून मास्तर उपाशी. शेळी विकायची ठरली, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, काकू माहेरी. मास्तरांनी त्याला चहा पाजून परत लावलं. "मालकीण आल्याबिगर मला इजाजत न्हाई." तो माणूस गावभर सांगत सुटला की मास्तर बायकोच्या धाकात आहेत. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही.

सगळ्यांत कहर सायकलीचा. तेव्हा चार आकडी नंबरी कुलपं नवीनच निघाली होती. मास्तरांनी एक आणलं. पहिले दोन आकडे त्यांनी ठरवले आणि पुढचे दोन काकूंना ठरवायला लावले. काकूंनी ते मास्तरांना सांगायचे नाहीत, मास्तरांनी आपले काकूंना सांगायचे नाहीत. पहिल्याच दिवशी मास्तर एकटे सायकल घेऊन बाजारात गेले आणि सवयीनं कुलूप लावून बसले. भर उन्हात मास्तर सायकल खांद्यावर घेऊन, दांडीला वांग्याची पिशवी अडकवून, स्टेशनरोडनं घरी येताना मी या डोळ्यांनी पाहिले. लोक हसतायत, मास्तर घामाघूम.

मी म्हटलं, "मास्तर, फजिती झाली की हो!"

"फजिती कशाची?" मास्तर दम खात म्हणाले. "कुलूप पक्कं हाय, हे कळलं."

आता तुम्ही म्हणाल, असल्या विक्षिप्त माणसाचं घरात हसूनखेळून चाललं असेल. तसं नव्हतं. मास्तरांना एकच मुलगी, निर्मला. ती ताडकळसला शाळेत बाई होती. पूर्ण्याहून ताडकळस म्हणजे एसटीचा थोडका रस्ता, पण पाच वर्षांत ती एकदाही घरी आली नव्हती. कारण मास्तरांनीच तिला तोडलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. दंगली होऊन गेल्या होत्या, पण गावागावात माणसं अजून एकमेकांकडे तिरकी बघत होती. निर्मलानं लग्न केलं ते तिच्याच शाळेतल्या प्रकाश नावाच्या मास्तराशी. पोरगा बौद्ध वस्तीतला, मोर्चात पुढं असणारा. रजिस्टर लग्न करून दोघं थेट आईबापाच्या पाया पडायला आली. त्याच सकाळी झरीहून भाऊबंदांचा निरोप येऊन गेला होता. मास्तर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून मला पोरगी न्हाई. पुन्यांदा हा उंबरा चढू नको." त्या वेळी काकू नळावर रांगेत होत्या. त्या घागर भरून येईस्तोवर सगळं आटोपलं होतं.

काकूंना त्यानंतर पूर्ण्याच्या बाजारातली भाजी एकाएकी पसंत पडेनाशी झाली. दर आठवड्याला त्या ताडकळसच्या बाजाराला जाऊ लागल्या. जाताना पिशवी भरलेली आणि येताना रिकामी, असा बाजार मी दुसरा पाहिला नाही. सगळ्या रेल्वे वसाहतीला ठाऊक होतं की काकू लेकीला भेटून येतात. मास्तरांना तेवढं ठाऊक नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

रेडिओ, चाव्या, अमेरिका, रशिया हे सगळं त्या सकाळनंतरचं. मी रोज पत्रांवर शिक्के मारत होतो आणि या दोन गोष्टींचा संबंध माझ्या टाळक्यात पाच वर्षं शिरला नाही. हे मी मुद्दाम कबूल करतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर काकू पोस्टात आल्या. डोळे सुजलेले. प्रकाशला चंद्रपूरकडे बरी नोकरी मिळाली होती. महिन्याअखेर बिऱ्हाड हलणार. निर्मलाला एक मुलगा झाला होता, वर्षाचा. "आता कुठला बाजार अन् कुठलं काय," काकू म्हणाल्या. "एवढ्या लांब मला कोण धाडतंय? अन् त्याईनी तर नातवाचं तोंड बी बघितलं न्हाई." बातमी मास्तरांना त्यांनीच सांगितली होती. ऐकून मास्तर नुसते चप्पल घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. अमेरिकेचं पाकीट नव्हतं. एक अंतर्देशीय पत्र घेतलं, कोपऱ्यातल्या बाकावर बसले आणि तासभर लिहीत राहिले. मग माझ्यापुढे ठेवलं. चारच ओळी होत्या. "चि. निर्मला हीस आशीर्वाद. उंबरा चढू नको असं बोललो होतो, ते आम्ही दोघं वापस घेतो आहोत. जायच्या आधी जावयांना अन् बाळाला घेऊन घरी यावं." खाली मास्तरांची सही आणि शेजारी मोकळी जागा.

"तुमच्या काकूची सही घेऊन येतो," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

अर्ध्या तासानं परत आले. जागा मोकळीच होती.

"न्हाई म्हणती."

"काय?"

"सही करत न्हाई म्हणती. बाबू, तुमी जरा समजावून सांगा. एका सहीवर हे कसं टाकू मी पेटीत?"

मी संध्याकाळी गेलो. काकू ओसरीवर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्या आनंदानं सही करतील. पण काकूंनी सूप खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तोडताना माझी चावी लागली व्हती का? मी नळावर व्हते. मला कुनी हाक मारली न्हाई. मग जोडतानाच माझी सही कशाला? उद्या झरीचे भाऊबंद इचारतील तर हे म्हणणार, बायकोनं सही केली म्हणून मी केली. ते चालायचं न्हाई. एकट्यानं बोलले, एकट्यानंच जाऊन वापस घ्यावं."

आत मास्तर ऐकत होते. ते दारात आले. "बाबू," ते म्हणाले, "हिला इचारा, दर बाजाराच्या दिवशी मी कामून सकाळची पाळी मागून घेतो? घरी राहिलो तर कुठं चालली म्हणून इचारावं लागलं असतं."

काकूंनी मान वर केली. पाच वर्षांत त्यांनाही हे कळलं नव्हतं. पण सही केली नाही. बाई मोठी खमकी.

मग सुरू झाली मास्तरांची येरझार. ताडकळसच्या एसटीपर्यंत जायचे आणि परत यायचे. एकदा तर तिकीट काढून, आत बसून, गाडी सुटताना उतरले. कंडक्टर ओरडला. मास्तर मला म्हणाले, "बाबू, तीस वरसं झाली, पुढच्याची कबुली आल्याबिगर मी गाडी सोडली न्हाई. ती पोरगी कबूल व्हईल का न्हाई, मला काय म्हाईत? अन् न्हाई म्हणली तर?" मलाही माहीत नव्हतं. असं करता करता महिना सरला.

निर्मला, प्रकाश आणि सामान दुपारच्या नांदेडकडच्या पॅसेंजरनं पूर्ण्याहूनच निघणार होतं. दुसरा रस्ताच नव्हता. आणि त्या दुपारी स्टेशनवर पाळी होती दत्तराव कदमांची. पाळी बदलून घ्या, असं दोघातिघांनी सुचवलं. मास्तरांनी ऐकलं नाही.

मी टपालाच्या थैल्या घेऊन फलाटावर गेलो होतो. काकू तिसऱ्या डब्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. आत निर्मला, मांडीवर पोरगं, शेजारी प्रकाश. मी थैल्या चढवल्या आणि मास्तरांच्या खोलीशी आलो. यंत्राची घंटा वाजत होती. पुढच्या स्टेशनचा मास्तर कळ दाबून वाट पाहत होता. नेहमी घंटेसरशी मास्तरांचा हात यंत्रावर जायचा. आज मास्तर नुसते उभे. ड्रायव्हरनं शिट्टी मारली. फोन खणखणला. पलीकडचा आवाज मला बाहेरूनही ऐकू आला, "अहो कदम, गोळा घ्या ना, किती वेळ दाबून धरू?"

"जरा दम धरा," मास्तर म्हणाले. "गाडी उभी हाय."

"कशापायी?"

"माझ्यापायी," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून बाहेर आले.

मी त्यांच्या मागे गेलो, खोटं कशाला बोलू. मास्तर तिसऱ्या डब्याशी थांबले. काकू बाजूला सरकल्या. सगळा फलाट बघत होता. झरीचे दोन ओळखीचे लोकही होते त्यात.

प्रकाशनं खिडकीतून हात जोडले. "जय भीम, मामा."

मास्तरांनी हात जोडले. "जय भीम," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग लेकीकडे वळले. "निर्मला, तवा मी एकटाच व्हतो घरात. लय वंगाळ बोललो. चुकलो, माय. ते बोलणं मी वापस घेतो."

निर्मलानं पोरगं उचललं आणि खिडकीच्या गजांपर्यंत आणलं. मास्तरांनी गजातून बोट आत घातलं. पोरानं मास्तरांची टोपी पाहिली आणि असा काही सूर लावला की इंजिनाची शिट्टी ऐकू येईना. मास्तर घाबरून मागे सरले.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील का?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"अप्पा," निर्मला डोळे पुसत म्हणाली, "आधी गाडी सोडा. लोक खोळंबलेत."

मास्तर खोलीत गेले. गोळा काढला. स्वतः इंजिनापर्यंत चालत जाऊन ड्रायव्हरच्या हातात दिला. गाडी गेली. सात मिनिटं उशीर. पुढे वरून खुलासा मागवणारा कागद आला, तेव्हा मास्तरांनी कारण खरं तेच लिहिलं आणि त्यांची वार्षिक पगारवाढ रोखली गेली. त्याबद्दल त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही.

गाडी गेल्यावर मी मास्तरांच्या खोलीतच बाकावर बसलो होतो. काकूही आत येऊन दाराशी टेकल्या होत्या. वीसेक मिनिटांनी फोन वाजला. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली, हे सांगायला पलीकडच्या मास्तरचा. इतकी वर्षं दोघं रोज बोलायचे. एकमेकांना पाहिलेलं नव्हतं म्हणे.

मास्तरांनी वेळ लिहून घेतली. मग फोन खाली ठेवायचा, तो ठेवला नाही.

"मास्तर, एक काम व्हतं. रेल्वेचं न्हाई. गाडी अजून उभी हाय ना? तिसरा डबा. फलाटाच्या बाजूची खिडकी. हिरव्या लुगड्यातली पोरगी हाय, मांडीवर लेकरू. जरा जाऊन बघून येता का? रडायली का, तेवढंच सांगा."

पलीकडचा माणूस बघायला गेला असावा. मास्तर फोन कानाशी दाबून उभे होते. काकू दाराची चौकट धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

रेल्वेत फोनवर आलेला निरोप ऐकून सोडून द्यायचा नसतो. मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा असतो, चूक राहू नये म्हणून. मास्तर ताठ उभे राहिले आणि एक एक शब्द सुटा करत म्हणाले:

"बरं. तिसरा डबा. रडत न्हाई. लेकराला केळं चारायलीय. आईला सांगा म्हणली, मे महिन्यात येते. अप्पाला बी सांगा म्हणली. कळलं."